खंडूची सुट्टी आणि सासूबाईंचं यलोस्टोन

पत्र

ताई, आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. धाकटी कॉलेजला गेली आणि घर एकदम रिकामं झालं, म्हणून मार्चमध्ये आम्ही एक 16 फुटी, फायबरग्लासचा, सेकंडहँड ट्रेलर घेतला. घरात दोन प्राणी आहेत. खंडू लॅब-मिक्स, सात वर्षांचा, 62 पाउंड वजनाचा, शेल्टरमधून आणलेला. मनी नऊ वर्षांची. व्हेटकडे जाण्यापुरतीच काय ती घराबाहेर पडलेली. जूनमध्ये सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना यलोस्टोनचा गरम पाण्याचा फवारा एकदा डोळ्यांनी बघायचाय. म्हणून जुलैत 11 दिवसांची सहल ठरवली: आम्ही दोघं, सासूबाई, खंडू आणि मनी, सगळे या ट्रेलरमधून. नवरा म्हणतो, प्राण्यांना घरी ठेवायचं असतं तर ट्रेलर घेतलाच कशाला? आपण फिरायला गेलो की ते मस्त एसीत आत बसतील. सासूबाईंनी फोनवरच विचारलं, जिथे स्वयंपाक तिथेच मांजराची घाण, हे कसं चालायचं? मला रात्री झोप लागत नाही. एवढ्याशा जागेत हे सगळं बसवायचं कसं, ते सांगा.

— एक वाचक, चँडलर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

जागेचं म्हणाल तर ते जमतं. आम्ही न्यू मेक्सिकोत राहतो आणि तुमच्यापेक्षा तीन फुटांनी लहान ट्रेलरमधून दोन माणसं, एक कुत्रा आणि एक मांजर अशी बारा वर्षं फिरलो. कोण कुठे झोपणार, मांजराच्या संडासाचा डबा, म्हणजे लिटर बॉक्स कुठे, ओला पट्टा कुठे वाळत घालायचा, हे सगळं दोन-तीन रात्रींत आपोआप मार्गी लागतं. पण तुमची झोप जागेपायी उडाली असेल असं मला वाटत नाही. ती उडालीय तुमच्या यजमानांच्या एका वाक्यामुळे: 'ते मस्त एसीत आत बसतील.' तुमच्या मनाला ते पटलेलं नाही, आणि तुमचं मन बरोबर सांगतंय.

आधी यलोस्टोनबद्दल. तिथे कुत्रा नेता येतो, पण त्याला घेऊन फिरता येत नाही. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंड यांपासून शंभर फुटांच्या आतच राहायचं. पायवाटांवर बंदी, आणि गरम झऱ्यांभोवती ज्या लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत त्यांवर तर पूर्ण बंदी. हा नियम जाचक वाटत असेल तर 1981 सालची गोष्ट सांगते. तिथल्या सेलेस्टाइन पूल नावाच्या झऱ्यात गाडीतून सुटलेला एक कुत्रा पडला. त्याला काढायला एका 24 वर्षांच्या तरुणाने उडी घेतली. पाणी 200 अंश फॅरनहाइटच्या वर होतं. कुत्रा वाचला नाही आणि तो तरुणही दुसऱ्या दिवशी गेला. झऱ्याचं पाणी निळंशार आणि नितळ दिसतं. कुत्र्याला त्यात आणि घरामागच्या तळ्यात फरक कसा कळणार?

म्हणजे सासूबाईंना फवारा दाखवायचा तर खंडूपाशी कुणीतरी मागे थांबायला हवं, नाहीतर तो ट्रेलरमध्ये बंद. थांबणारी व्यक्ती कोण असेल हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून झोप येत नाहीये. आणि बंद ठेवायचं म्हटलं तर यलोस्टोनच्या आतल्या कॅम्पग्राउंडांपैकी वीज मिळते ती फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये. मॅडिसन, ग्रँट, कॅन्यन, ब्रिज बे इथे जागा मिळाली तर ट्रेलर जोडायला विजेचा खांबच नाही. वीज नाही म्हणजे एसी नाही. सात-आठ हजार फुटांवरची हवा थंड असली तरी जुलैच्या उन्हात खिडक्या लावून उभा केलेला फायबरग्लासचा डबा आतून तापतोच. आणि खिडक्या उघड्या ठेवल्या तर खंडू जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकणार, शेजारी तक्रार करणार.

बरं, समजा फिशिंग ब्रिजला जागा मिळाली, वीज आहे, एसी चालू आहे. तरीही मी त्यांना सोडून तीन तास जाणार नाही. का, ते आमच्यावर आलेल्या प्रसंगातून सांगते.

आमचा बाळ्या तेव्हा पाच वर्षांचा होता. दक्षिण टेक्सासमधल्या एका कॅम्पग्राउंडवर जूनच्या दुपारी आम्ही त्याला एसीत ठेवून गावात जेवायला गेलो. मांजर त्या वेळी नशिबाने बरोबर नव्हती. दीड तासाने परत आलो तर शेजारच्या साइटवरचे एक आजोबा बागेची नळी घेऊन आमच्या ट्रेलरच्या छपरावर पाणी मारत उभे होते. खांबावरचा जुना ब्रेकर पडला होता. आमचा एसी थांबल्याचं त्यांना आवाजावरून कळलं, त्यांनी ऑफिसला फोन केला, कुणी आलं नाही. दाराला कुलूप होतं, म्हणून जे हाताशी होतं ते त्यांनी केलं. बाळ्या आत दारापाशी आडवा पडला होता. जीभ बाहेर, तोंडातून दोरीसारखी लाळ. ओले टॉवेल, पंखा, मग गाडीचा एसी लावून व्हेट, तो वाचला. त्या आजोबांचं नावही आम्ही त्या गडबडीत नीट विचारलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. एसी बिघडला नव्हता, आम्ही काही विसरलो नव्हतो. एक ब्रेकर पडला, एवढंच.

तुमच्या ट्रेलरला 30 अँपचं कनेक्शन असणार. 120 व्होल्टवर 3,600 वॉट. छपरावरचा एसी त्यातले 12-13 अँप घेतो. चहाची विजेची किटली 1,500 वॉटची, म्हणजे साडेबारा अँप. इंडक्शनवर पोळ्या टाकल्या की आणखी 15. बेरीज चाळिसाच्या घरात गेली, ब्रेकर पडला. तुम्ही आत असताना पडला तर हसून परत लावाल. निघता निघता किटली लावून ठेवली आणि नंतर पडला तर? शिवाय कडक दुपारी सगळ्या साइटवरचे एसी एकदम चालू असतात, तेव्हा खांबावरचा विजेचा दाबच (व्होल्टेज) उतरतो. दाब फार उतरला की ट्रेलरचं रक्षण करणारं चांगलं सर्ज प्रोटेक्टर वीज तोडतं. त्याचं काम एसी वाचवणं, कुत्रा वाचवणं नाही. वीज परत आल्यावर तुमचा एसी आपोआप चालू होतो की बटण दाबावं लागतं, हे आजच घरी तपासून बघा. एसी चालू असताना ब्रेकर पाडा, पाच मिनिटं थांबा, परत लावा, आणि ऐका. बऱ्याच एसींचं बटण परत दाबावं लागतं.

आणखी एक गोष्ट चँडलरच्या माणसाने तर विसरूच नये. ट्रेलरचा एसी बाहेरच्यापेक्षा साधारण वीसेक अंश कमी करू शकतो, त्याच्या पलीकडे त्याची ताकद नाही. बाहेर 110 असेल तर आत 90. म्हणजे जुलैत तुमच्या खोऱ्यात वीज अखंड असली तरी तो ट्रेलर प्राण्याला एकटं ठेवायची जागा नाही.

बाजारात तापमान सांगणारे मॉनिटर मिळतात. घ्याच. पण स्वतःचं सिम असलेला घ्या, ब्लूटूथ किंवा कॅम्पग्राउंडच्या वायफायवर चालणारा नको; वीज गेली की वायफायही जातं आणि नेमकी त्याच वेळी तुम्हाला बातमी हवी असते. तरीसुद्धा मॉनिटर फक्त सांगतो, दार उघडत नाही. तुम्ही वीस मिनिटांत पोहोचू शकत नसाल तर तो मेसेज वाचून तुम्ही फक्त घाबराल. आणि यलोस्टोनच्या मोठ्या भागात फोनला रेंजच नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. सासूबाईंचं यलोस्टोन आणि खंडूची सुट्टी या दोन वेगळ्या सहली आहेत. तुम्ही त्या एकात एक घालायला बघताय, म्हणून 16 फूट अपुरे वाटतायत.

सासूबाई डिसेंबरपर्यंत आहेत ना? मग यलोस्टोनला सप्टेंबरात जा. शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली असते, हवा गार असते, आणि एल्क हरणांच्या नरांची ती लांबलचक शीळ पहाटे ऐकू येते. ओल्ड फेथफुल, म्हणजे तो गरम पाण्याचा फवारा, साधारण दर दीड तासाने उडतं, समोर बाकं आहेत. त्यांना थर्मासमधला चहा देऊन निवांत बसवा. कुणाला मागे थांबावं लागणार नाही, घड्याळाकडे बघावं लागणार नाही. ट्रेलर न्या किंवा नेऊ नका, पण प्राण्यांशिवाय जा. रात्री पारा गोठणबिंदूखाली जाऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवा. खंडू आणि मनीसाठी घरी येऊन राहणारी ओळखीची व्यक्ती शोधा. केनेलपेक्षा मनीला तरी ते शंभर पटींनी बरं. आणि तुम्ही याला प्राण्यांना टाकून जाणं समजू नका. हजारेक मैल एका दिशेने गाडीत बसणं ही नऊ वर्षांच्या घरकोंबड्या मांजरीची हौस नाही, आपली आहे.

आता ट्रेलरचं, ज्यासाठी तो घेतलात. तुमच्या यजमानांचा उत्साह मला आवडला, त्यावर पाणी ओतू नका, फक्त तो वळवा.

पहिली रात्र घराच्या ड्राइव्हवेवर काढा, याच महिन्यात, जूनचा उकाडा सुरू व्हायच्या आत. सोसायटीचे नियम काय आहेत ते बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी एक-दोन रात्री चालतं. त्याही आधी आठवडाभर ट्रेलरचं दार उघडं ठेवून खंडूला रोज आत जेवण द्या. त्याला अडचण येईल ती पायरीची. ट्रेलरच्या पायऱ्या जाळीच्या असतात, खालची जमीन दिसते, आणि पुष्कळ कुत्रे तिथे पाय रोवून उभे राहतात. पायरीवर गवतासारखं जाड कापड गुंडाळा, प्रश्न मिटतो. मनीला तिचा कॅरियर आजच बाहेर काढून ठेवा, दार उघडं, आत तिची वापरलेली चादर. तो दिसला की व्हेट आठवतो ही तिची नऊ वर्षांची समजूत मोडायला तीन-चार आठवडे लागतील. हार्नेसची सवय घरातच करा. पहिल्यांदा घातल्यावर ती आडवी पडेल, जणू पाठीतला जीवच गेला. घाबरू नका, सगळ्याच मांजरी हे करतात. प्रवासापुरतं शांत करणारं औषध हवं का ते व्हेटला विचारा आणि दिलं तर घरी एकदा देऊन बघा. ट्रेलरमध्ये पहिल्यांदा नको.

मग दोन रात्रींची खरी सहल. मी असते तर शो लोजवळच्या फूल हॉलो लेकला गेले असते. चँडलरहून सकाळच्या वेळात गाठता येतं, 6,300 फुटांवर आहे, पाइनची झाडं, तळं, वीज असलेल्या साइट्स, अंघोळीच्या खोल्या, आणि पट्ट्याला बांधून कुत्रा चालतो. दर हजार फुटांना साडेतीन अंशांनी हवा उतरते असा हिशोब धरा. तुमच्या घरापासून पाच हजार फूट वर गेलात की सतराएक अंश कमी. जुलैत ट्रेलर कुठे न्यायचा हे मी नेहमी नकाशातल्या उंचीवरून ठरवते, नावाजलेल्या जागांवरून नाही. सॉल्ट रिव्हर कॅन्यनमधून जाणारा रस्ता सुंदर आहे, पण पहिल्यांदा ट्रेलर ओढताना त्या वळणांना जाऊ नका, पेसनवरून जा. पहाटे पाचला निघा. चढावर ट्रेलर ओढताना इंजिन तापतं आणि पुष्कळ लोक तेवढ्यापुरता गाडीचा एसी बंद करतात. मागे कुत्रा आणि मांजर असताना ती वेळ दुपारी येऊ देऊ नका. शो लो गावाचं नाव पत्त्यांच्या डावावरून पडलंय असं सांगतात. दोघांपैकी कोण जमीन ठेवणार यावर डाव लागला, 'लहान पान दाखव आणि जिंक' असं ठरलं आणि एकाने किलवरची दुर्री काढली. मुख्य रस्त्याचं नावच किलवरची दुर्री आहे. सासूबाईंना पत्ते आवडत असतील तर ही गोष्ट तिथे पोहोचल्यावर सांगा.

जायचं ते चार जुलैच्या आठवड्यात नाही. आपल्याकडे दिवाळीत फटाक्यांनी कुत्र्यांचं जे होतं तेच इथे त्या रात्री होतं, फक्त घर ओळखीचं नसतं. बिथरलेला कुत्रा अनोळखी रानात सुटला तर परतीची वाट त्याला ठाऊक नाही. जुलैपासून तिकडच्या डोंगरांत दुपारी गडगडाट होऊन पाऊस येतो, म्हणून खंडू विजेला घाबरत असेल तर फिरणं सकाळी उरका आणि दुपारी आत, त्याच्याजवळ बसा. मायक्रोचिपवर तुमचा आत्ताचा फोन नंबर आहे का ते निघण्याआधी तपासा. शेल्टरमधून आणलेल्या प्राण्यांच्या चिपवर कधीकधी शेल्टरचाच नंबर राहून जातो. रेबीजच्या लसीचा कागद गाडीत ठेवा.

ऑक्टोबरात, हात बसल्यावर, सगळ्यांनी मिळून ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड. तिथे खंडूला कडेवरच्या पायवाटांवर चालता येतं, आणि त्या पायवाटेवरून जे दिसतं त्यासाठीच तर लोक जगभरातून येतात. दरीत उतरायला कुत्र्यांना बंदी आहे आणि शटल बसमध्येही. हर्मिट रोडवर त्या महिन्यांत खासगी गाड्या सोडत नाहीत, म्हणून तिकडे जायचं तर खंडूसकट पायीच. वीज-पाण्यासकट जागा ट्रेलर व्हिलेजमध्ये मिळते. शेजारच्या मॅदर कॅम्पग्राउंडला वीज नाही. एखाद्या दिवशी तुम्हाला दोघांना दरीत थोडं उतरायचं असेल तर तिथे केनेलही आहे, लशींचे कागद दाखवून आणि आधी जागा राखून. फ्लॅगस्टाफच्या आसपासच्या कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमध्ये तर बहुतेक पायवाटांवर कुत्रा पट्ट्याला बांधून चालतो. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांतला हा फरक आपल्या लोकांना बहुतेक ठाऊक नसतो. नकाशात एकमेकांना लागून असतात, पण कुत्र्याच्या दृष्टीने दोन वेगळे देश आहेत. पूर्वेकडे कधी गेलात तर अकेडिया आणि शेनँडोआ ही दोन नॅशनल पार्क मात्र कुत्र्यांशी फार उदार आहेत.

साइट निवडताना सगळ्यात कडेची घ्या. बाथरूमच्या वाटेवरची नको, खेळाच्या मैदानाशेजारची नको. दर दोन मिनिटांनी कुणी खिडकीखालून गेलं तर सात वर्षांचा शहाणा कुत्राही वेडा होतो. दुपारी तीनच्या आत पोहोचा, दिवसाला तीनशे मैलांपेक्षा जास्त नको. ट्रेलरवाल्यांचा हा जुना ठोकताळा आहे आणि प्राणी बरोबर असताना मी दोनशेच धरते.

चालत्या ट्रेलरमध्ये प्राणी कधीही नाही. 'मनी आत पलंगावर झोपेल की' असं कुणी म्हणेल, त्याला नाही म्हणा. आत एसी नसतो, सामान घसरतं, आणि मागून ट्रेलर किती हिसके खातो हे गाडीत बसून कळत नाही. खंडू मागच्या सीटवर हार्नेसमध्ये, मनी कॅरियरमध्ये, आणि कॅरियर पट्ट्याने बांधलेला.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांचं चुकत नाही. एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि लिटर बॉक्स ही कुणालाही न पटणारी गोष्ट आहे. लिटर बॉक्स न्हाणीत ठेवा आणि न्हाणीचं दार मांजर जाईल एवढंच उघडं राहील असा आकडा बसवा. तुमच्या ट्रेलरला न्हाणी नसेल तर टेबलाच्या बाकाखालचा कप्पा रिकामा करून बाजूने गोल भोक पाडून घ्या, बाकावर बसणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अंघोळी सगळ्यांनी कॅम्पग्राउंडच्या खोल्यांत करायच्या. दिवसातून दोनदा साफ करून पिशवी बांधून कचऱ्यात. ट्रेलरच्या संडासात लिटर टाकायचा मोह झाला तरी टाकू नका. ती माती पाण्याने फुगते आणि टाकीच्या तळाशी सिमेंटसारखी बसते. स्वयंपाक बाहेर करा, मांडवाखाली टेबल टाकून, गॅसच्या शेगडीवर. सासूबाईंना त्यांचा ओटा मिळेल, ट्रेलरमध्ये फोडणीचा वास कोंडणार नाही, आणि तो चाळीस अँपचा हिशोबही सुटेल. रात्री मात्र मनी आतल्या ओट्यावर चढणार. हे मी लपवणार नाही. सकाळी चहा टाकण्याआधी ओटा पुसायचा, भांडी झाकून ठेवायची.

बाहेर स्वयंपाक केला की आवरणंही लगेच. अस्वलांच्या भागात कुत्र्याचं खाणं हे माणसाच्या खाण्याइतकंच कडीकुलपात ठेवावं लागतं, रिकामी ताटलीसुद्धा. आणि सासूबाईंना प्रेमाने एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. त्यांना खंडूला भरवायला आवडेल, पोळीचा तुकडा भाजीत बुडवून देतील. कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांना बाधतो, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे कांदा-लसूण मसाल्याचं काहीही नको. शिऱ्यातले बेदाणे नको, थोडेसुद्धा. कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पर्समधलं बिनसाखरेचं च्युइंगम तर खंडूच्या नाकापर्यंत पोहोचता कामा नये, त्यातलं झायलिटॉल तासाभरात साखर उतरवतं. कोरडी पोळी द्या म्हणावं, हवी तेवढी नाही, पण द्या. चुकून काही पोटात गेलं तर एएसपीसीए या प्राण्यांसाठीच्या संस्थेचा विषबाधेसाठीचा फोन चोवीस तास चालू असतो, 888-426-4435. पैसे घेतात, पण तिथे पशुवैद्य बोलतात. नंबर फ्रिजवर लावा.

संध्याकाळी फिरून आल्यावर खंडूचे पंजे बोटांच्या मधून, कान आणि काखा तपासायची सवय सासूबाईंनाच लावा. आपल्याकडे माळावरून आल्यावर परकराला लागलेली कुसळं वेचत बसायचो, ती आठवण त्यांना असेल. इथल्या कोरड्या गवताची कुसळं तशीच उलट्या काट्यांची असतात, एकदा कातडीत शिरली की पुढेच जातात, मागे येत नाहीत. कुत्रा एकाएकी डोकं झटकायला लागला किंवा एकसारखा शिंकायला लागला तर वाट बघू नका, व्हेट गाठा. गोचिडींचं औषध चालू ठेवाच. डांबरी रस्त्यावर त्याला उतरवण्याआधी तुमच्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही.

एवढ्या जिवांचं पाणीही जड असतं. एक गॅलन आठ पाउंडांच्या वर भरतं, वीस गॅलनची टाकी भरून निघालात तर दीडशेहून जास्त पाउंड तिथेच गेले, वर कुत्र्याचं खाणं, लिटरची पिशवी. जिथे नळ आहे तिथे पोहोचून टाकी भरा. खंडूसाठी घरचं पाणी दोन-तीन गॅलन मात्र वेगळं न्या आणि तिथलं थोडं थोडं मिसळत जा, म्हणजे पोट बिघडत नाही. तुमच्या ट्रेलरला बाहेर सरकणारी भिंत असेल तर ती हलवण्याआधी मनी कॅरियरमध्ये आहे हे बघा. मांजरी नेमक्या त्या सांध्यात जाऊन बसतात. फर्निचरमागची, पाइपांसाठी कापलेली भोकं तारेच्या जाळीने बुजवा. आमची मांजर एकदा पाणी तापवायच्या टाकीमागे सहा तास बसली होती आणि आम्ही दोघं रानात हाका मारत फिरत होतो.

शेवटचं दाराचं. जाळीचं दार मनी नखांनी फाडू शकते आणि खंडू डोक्याने ढकलू शकतो, म्हणून प्राण्यांसाठीची जाड जाळी बसवा आणि दाराला मध्ये आडवी पट्टी लावा. मग एक नियम: मनी कुठे आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाहेरचं दार उघडायचं नाही, लघवीला जायची घाई असली तरी. हे मराठीत, सासूबाईंना चश्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या बरोबर वर चिकटवा.

तुमची,
ताई